वर्गणी आणि हप्ता : भारतातील आरोग्यविम्याचा इतिहास व वैयक्तिक जबाबदारीचा प्रश्न

आजारपणाची तरतूद ज्याची त्याने करावी, हा विचार आरोग्यविम्याच्या चर्चेत वारंवार मांडला जातो. विम्याचा खर्च सामान्य माणसाला पेलत नाही, ही तक्रारही तितकीच जुनी आहे. पहिल्या मुद्द्याचा विचार नीतीच्या अंगाने आणि दुसऱ्याचा अर्थकारणाच्या अंगाने असा स्वतंत्रपणे करण्याची प्रथा आहे. भारतातील आरोग्यविम्याचा गेल्या ऐंशी वर्षांचा इतिहास पाहिला असता मात्र हे दोन्ही प्रश्न मुळात एकच असल्याचे दिसते. व्यक्तीचा वाटा तिच्या मिळकतीच्या मापाने ठरवायचा की तिच्या आजाराच्या संभाव्यतेच्या मापाने, हा तो प्रश्न होय.

आधुनिक सामाजिक विम्याचा आरंभ जर्मनीत १८८३ साली बिस्मार्कच्या कायद्याने झाला. ब्रिटनने १९११ साली कामगार, मालक आणि शासन यांचा त्रिपक्षीय वाटा असलेली योजना स्वीकारली. भारतात शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा विचार मांडला होता. परंतु प्रत्यक्ष आराखडा तयार होण्यास पुढे एक तप लोटले. १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आदारकर यांच्याकडे हे काम सोपविण्यात आले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. आदारकरांचा अहवाल १९४४ साली सादर झाला. कापड, अभियांत्रिकी आणि खनिज-धातू या उद्योगांतील कामगारांसाठी सक्तीचा व अंशदानावर आधारलेला विमा असावा, अशी त्यांची शिफारस होती. या अहवालातून पुढे कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ आकारास आला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली.

या कायद्यातील जबाबदारीची कल्पना बारकाईने पाहण्यासारखी आहे. कामगाराने स्वतःचा वाटा दिलाच पाहिजे, हे तत्त्व त्यात होते. आजारपणातील मदत ही दया नसून हक्क आहे, हे त्या वाट्यामुळेच सिद्ध होत होते. परंतु वाटा ठरत होता तो वेतनावरून. मूळ परिशिष्टात रोजचे सरासरी वेतन एक रुपयाहून कमी असलेल्या कामगाराकडून काहीच घेतले जात नव्हते. त्याच्या मालकाला मात्र आपला वाटा भरावा लागे. कामगाराचे वय, त्याचा पूर्वीचा आजार किंवा त्याच्या कुटुंबातील माणसांची संख्या यांचा अंशदानाशी संबंध नव्हता. २०१९ मध्ये हे दर कमी करून कामगारासाठी वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालकासाठी ३.२५ टक्के ठरविण्यात आले, तेव्हाही हे सूत्र बदलले नाही. १९५४ साली दिल्लीत सुरू झालेल्या केंद्र सरकार आरोग्य योजनेतही कर्मचाऱ्याची वर्गणी वेतनश्रेणीशी जोडलेली होती.

भोर समितीने १९४६ च्या अहवालात याहून पुढचे पाऊल टाकले होते. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही पुरेशा वैद्यकीय उपचारांपासून वंचित राहू नये, हे समितीचे प्रमुख तत्त्व होते. देशातील बहुसंख्य लोक शेतीवर व असंघटित श्रमांवर जगत असल्याने वेतनातून अंशदान कापून घेण्याची पद्धत त्यांना लागू पडणारी नव्हती. त्यांच्यासाठी करांतून चालणारी सार्वजनिक सेवा हाच मार्ग समितीने सुचविला. ही सेवा अपेक्षेप्रमाणे उभी राहिली नाही, आणि कायद्याच्या कक्षेबाहेरचा मोठा समाज विम्याच्या आश्रयाविना राहिला.

ही उणीव भरून काढण्याचा एक बोलका प्रयत्न वर्धा जिल्ह्यात झाला. विसाव्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांत सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने भोवतालच्या गावांसाठी राबविलेली योजना ज्वारीची विमा योजना म्हणून ओळखली गेली. डॉ. उल्हास जाजू यांचे नाव तिच्याशी निगडित आहे. सुगीनंतर कुटुंबांनी ज्वारीच्या रूपाने वर्गणी द्यायची. भूमिहीनाने थोडी, जमीनधारकाने जमिनीच्या प्रमाणात अधिक, असा तिचा नियम होता. येथे वर्गणीचे माप व तिची वेळ ही दोन्ही शेतकऱ्याच्या जीवनक्रमातून आली होती. पैसा नसला तरी धान्य असते, आणि ते सुगीतच असते, हे ओळखल्यामुळे गरीब कुटुंबालाही आपली जबाबदारी पार पाडता आली.

१९८६ साली सर्वसाधारण विमा महामंडळाच्या चार उपकंपन्यांनी मेडिक्लेम पॉलिसी आणली आणि निराळी परंपरा सुरू झाली. वर्गणी हा शब्द मराठीत समाईक कार्याशी जोडलेला आहे. ती ऐपतीप्रमाणे द्यावी, असा संकेत त्यात गृहीत आहे. मेडिक्लेममध्ये वर्गणीची जागा हप्त्याने घेतली आणि सभासदाचा ग्राहक झाला. वय वाढते तसा हप्ता वाढतो. आधीच असलेला आजार काही वर्षे संरक्षणाबाहेर राहतो. परिणामी, ज्या वयात मिळकत आटते त्याच वयात विमा सर्वांत महाग होतो. हप्त्यावरील प्राप्तिकराची सवलतही कर भरणाऱ्यांपुरतीच उपयोगाची होती.

२००३ च्या सार्वत्रिक आरोग्य विमा योजनेने ही अडचण स्वस्त हप्त्याने सोडवू पाहिली. एका व्यक्तीसाठी दिवसाला एक रुपया, पाच जणांच्या कुटुंबासाठी दीड रुपया हा दर वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु वर्षाचे ५४८ रुपये एकदम भरणे रोजंदारीवरील कुटुंबास सोपे नव्हते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांचा सहभाग अत्यल्प राहिला आणि २००४ मध्ये अनुदान वाढवावे लागले. दिवसाचा रुपया हा केवळ हिशेबातला होता. मागणी वर्षाची होती. सेवाग्रामने सुगीची वाट पाहण्यात दाखविलेली जाण येथे आढळत नाही.

२००८ च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत हप्ता केंद्र व राज्य शासनांनी भरला आणि कुटुंबाकडून केवळ ३० रुपये नोंदणीशुल्क घेतले. २०१८ मध्ये आलेल्या आयुष्मान भारत योजनेत तेही राहिले नाही; पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले. अत्यंत गरिबांचा प्रश्न अशा रीतीने निदान तत्त्वतः सुटला. मात्र ज्यांचे उत्पन्न या योजनांच्या मर्यादेवर आणि नियमित नोकरीच्या कक्षेबाहेर आहे, त्या छोट्या दुकानदारापुढे, रिक्षाचालकापुढे, घरकाम करणाऱ्या स्त्रीपुढे बाजारातील हप्ताच उरला. या वैयक्तिक पॉलिसींवरील १८ टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला आणि २०२४ मध्ये पूर्वीच्या आजारासाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली गेली. या सुधारणा स्वागतार्ह असल्या तरी हप्ता ठरविण्याचे माप त्यांनी बदललेले नाही.

या इतिहासावरून वैयक्तिक जबाबदारीचे तत्त्व त्याज्य ठरत नाही. कानपूरचा गिरणी कामगार आणि सेवाग्राम परिसरातील भूमिहीन मजूर या दोघांनीही आपला वाटा दिला, आणि त्यामुळेच ते योजनेचे सभासद ठरले. मात्र दोन्ही ठिकाणी आधी त्यांची मिळकत पाहिली गेली, मग वाटा ठरला. हा क्रम जेथे उलटला, तेथे विमा न घेणाऱ्या माणसावर बेफिकिरीचा ठपका ठेवला गेला. वास्तविक पाहता त्याच्या समोर मांडलेली रक्कमच त्याच्या आवाक्याबाहेरची होती. जबाबदारीची भाषा वापरणाऱ्या धोरणाने त्या रकमेचा हिशेब प्रथम दिला पाहिजे.