मागून आणलेल्या मोटारीची कसोटी

नवी मोटारगाडी बाजारांत आली कीं तिची परीक्षा कोणा जाणत्यानें करून ती छापावी, ही प्रथा इंग्लंडांत ‘ऑटोकार’ या साप्ताहिकानें १९२८ पासून नियमितपणें चालविली. पुढें ती जगभरच्या मोटारविषयक नियतकालिकांनीं उचलली. परीक्षेची रीत सोपी, पण गाडीला दयामाया न दाखविणारी. सरळ रस्त्यावर गाडी एकदां एका दिशेनें व एकदां उलट दिशेनें पळवावयाची आणि दोन्ही वेगांची सरासरी घ्यावयाची, म्हणजे वाऱ्याची मदत व वाऱ्याचा अडथळा यांची वजाबाकी होते. उभ्या गाडीनें ताशीं ६० मैलांचा वेग किती सेकंदांत गांठला हें पाहण्यासाठीं इंजिन गरगरत ठेवून क्लच एकदम सोडावयाचा, आणि तेंहि एकदां नव्हे, मनाजोगता आंकडा हातीं येईपर्यंत. ब्रेक तापून वास सुटेपर्यंत दाबावयाचे. मालकानें वर्षभरांत गाडीचे जेवढे हाल केले नसतील तेवढे एका दुपारीं होतात. असल्या कामासाठीं गाडी द्यावी कोणीं, हा या व्यवसायांतला जुना प्रश्न आहे.

सोपें उत्तर असें कीं ती कारखान्यानें द्यावी. कारखाने ती देतातहि, आणि आनंदानें देतात. परंतु खायचे दांत वेगळे व दाखवायचे वेगळे, ही गोष्ट केवळ हत्तीलाच लागू आहे असें नाहीं. १९६१ च्या मार्चमध्यें जॅग्वार कंपनीची ई-टाईप गाडी प्रकाशांत आली, तेव्हां ‘ऑटोकार’ला मिळालेल्या गाडीनें ताशीं १५०.४ मैल, म्हणजे सुमारें २४२ किलोमीटर, इतका वेग गांठला. ‘मोटर’ या प्रतिस्पर्धी साप्ताहिकाच्या हातीं आलेल्या दुसऱ्या गाडीनें १४९.१ मैल गांठला. दीडशें मैलांचा हा आंकडा फार गाजला. मात्र दुकानांतून गाडी घेणाऱ्यांना तो सहसा दिसला नाहीं. परीक्षेस आलेली गाडी खास सिद्ध केलेली होती.

अमेरिकेंत १९६४ सालीं मजल याच्याहि पुढें गेली. ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकानें पाँटियॅक जीटीओ आणि इटलीची फेरारी जीटीओ या दोन नामबंधूंचा सामना मुखपृष्ठावर मांडला. फेरारीच्या या गाड्या थोड्या, आणि त्याहि खासगी मालकांच्या. वेळेवर त्यांतली एकहि मिळाली नाहीं, व सामना कागदावरच उरकण्यांत आला. पाँटियॅकनें ६० मैलांचा वेग ४.६ सेकंदांत गांठल्याचें छापलें गेलें. त्या गाडींत नेहमींचें ३८९ घनइंचांचें इंजिन नसून ४२१ घनइंचांचें होतें, ही कबुली पाँटियॅकच्या जाहिरातीचे सूत्रधार जिम वँगर्स यांनीं आपल्या आठवणींत दिली ती तीन दशकें उलटल्यावर. २०११ सालीं ख्रिस हॅरिस या इंग्रज पत्रकारानेंहि उघडपणें लिहिलें कीं, कंपनीनें धाडलेली फेरारी ३६० मोडेना ही ग्राहकाच्या तशाच गाडीच्या दोन सेकंद आधीं ताशीं १०० मैलांवर पोंचली होती.

तेव्हां खरा आंकडा हवा असेल तर खासगी मालकाच्याच दारीं जाणें भाग असतें. कधीं कंपनी गाडी देण्याचें नाकारते, तेव्हांहि तेंच दार ठोठवावें लागतें. २००४ सालीं बी. बी. सी.च्या ‘टॉप गिअर’ कार्यक्रमाला फेरारीनें आपली एन्झो गाडी दिली नाहीं. ‘पिंक फ्लॉइड’ या वाद्यवृंदांतील ढोलवादक निक मेसन यांनीं स्वतःची दिली. मोबदला एवढाच, कीं त्यांच्या नव्या पुस्तकाचा बोलबाला कार्यक्रमांत व्हावा. तो झाला, आणि गाडी सुखरूप घरीं गेली. बहुतेक गाड्या अशाच सुखरूप घरीं जातात, म्हणून हा सारा व्यवहार तोंडच्या शब्दांवर चालत आला. न गेली तर काय, हें एप्रिल २००९ मध्यें कळलें.

गाडी होती पोर्श ९१७, आणि मालक डेव्हिड पायपर. ही गाडी १९६९ सालची. बारा सिलिंडरांचें, हवेनें थंड राहणारें तिचें इंजिन. आरंभीं ती वेगांत इतकी बेभरंवशाची होती कीं कारखान्याचे स्वतःचे शर्यतपटूहि तिला बिचकत. १९६९ सालीं न्यूरबुर्गरिंगच्या हजार किलोमीटरांच्या शर्यतींत ती प्रथमच अखेरपर्यंत टिकली व आठवी आली, ती फ्रँक गार्डनर आणि हेच पायपर यांच्या हातीं. पुढील वर्षीं तिनें ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. त्याच वर्षीं त्या शर्यतीवरील चित्रपटासाठीं ९१७ चालवीत असतां पायपरना भीषण अपघात झाला आणि एका पायाचा कांहीं भाग गमवावा लागला. एवढें होऊनहि त्यांनीं या जातीच्या गाडीचा संग सोडला नाहीं. अशा माणसानें आपली ९१७ दुसऱ्याच्या हातीं द्यावी, यांत विश्वास केवढा असेल हें सांगावयास नको.

घेणारे होते मार्क हेल्स. स्वतः शर्यतींत उतरणारे, आणि असल्या गाड्यांवर लिहिण्यांत मुरलेले लेखक. मेसन यांची फेरारी ५१२ आणि पायपर यांची पोर्श यांची तुलना करणारा लेख मासिकांसाठीं लिहावयाचा होता, आणि जागा होती लिंकनशरमधील कॅडवेल पार्कची, चढउतारांची व अरुंद वाट. इंजिन मिनिटाला ७,००० फेऱ्यांच्या वर जाऊं द्यावयाचें नाहीं, ही मालकाची ताकीद. प्रत्यक्षांत तें ८,२०० वर गेलें आणि मोडलें.

असें कसें घडतें? एका गिअरमधून दुसऱ्यांत जातांना दांडा पुरता बसला नाहीं, किंवा बसून सुटला, तर इंजिनावरील चाकांचा भार क्षणांत नाहींसा होतो. पाय तेवढा ॲक्सिलरेटरवरच असतो. जूं मानेवरून निसटलेल्या बैलासारखें इंजिन उधळतें. झडपा मिटण्यापूर्वींच पिस्टन वर येऊन त्यांच्यावर आदळूं शकतो. चालवणाराला पाय उचलण्याइतकीहि सवड मिळत नाहीं. आणि मागाहून मोडकें इंजिन पाहून दांडा माणसानें नीट बसविला नाहीं कीं बसलेला दांडा गिअरबॉक्सनेंच बाहेर फेंकला, हें ठरविणें कठीण. सारा खटला या एका प्रश्नाभोंवतीं फिरला. हेल्स यांचें म्हणणें, दोष गिअरबॉक्सचा. पायपर यांचें म्हणणें, दोष हाताचा. आधीं बोलणें काय झालें होतें, यावरहि दोघांचें एकमत नव्हतें. लिहून ठेवलेलें कांहीं नव्हतें.

इंग्रजी कायद्यांत दुसऱ्याची वस्तु सांभाळण्यासाठीं वा वापरण्यासाठीं घेण्याला फार जुना विचार आहे. १७०३ सालीं ब्रँडीचीं पिंपें एका तळघरांतून दुसऱ्यांत फुकट हलवून देणाऱ्या माणसाच्या निष्काळजीपणानें ब्रँडी सांडली, तेव्हां सरन्यायाधीश होल्ट यांनीं त्यालाच जबाबदार धरलें. आणि ओघांत असेंहि सांगितलें कीं, पश्चिमेकडे जाण्यासाठीं मागून घेतलेला घोडा कोणी उत्तरेकडे नेला तर पुढील नुकसान त्याच्या माथीं. भारतीय करार कायद्यानें १८७२ मध्यें हाच विचार आपल्याकडे आणला. वस्तु बिघडून परत आली तर, आपला हलगर्जीपणा नव्हता हें नेणाऱ्यानेंच दाखवावयाचें, अशी इंग्रजी रीत आहे. होल्टच्या घोड्याला वाचा नव्हती हें खरें. पण तो लंगडा होता कीं नाहीं, हें निदान डोळ्यांना दिसे. गिअरबॉक्सचें तसें नाहीं.

जानेवारी २०१३ मध्यें न्यायाधीश सायमन ब्राउन यांनीं निकाल दिला: गिअर नीट बसविला गेला नाहीं, दोष चालवणाऱ्याचा. इंजिनाच्या दुरुस्तीचे ४७,९६१ पौंड हेल्स यांनीं भरावयाचे. आणि दाव्याचा खर्च धरून हा बोजा लाख पौंडांच्या वर गेला. गाडी कशाला आपटून चेपली असती तर विम्याचा आधार मागतां आला असता. इंजिन आंतल्या आंत मोडणें नेहमींच्या विम्यांत बसत नाहीं. मोटारींवर लिहून पोट भरणाऱ्यांत या निकालानें भीति पसरली, कारण त्यांतील बहुतेकांनीं याच भरंवशावर कोणाची ना कोणाची गाडी आणलेली होती. मालकाला दोष देणारेहि निघाले. तें न्यायाचें नव्हे. ज्याची वस्तु मोडली त्यानेंच ती गिळून बसावें, असा कोणताहि करार झाल्याचें न्यायालयाला आढळलें नाहीं. नवल वाटतें तें दुसऱ्याच गोष्टीचें. मोजमाप वाचकांसाठीं, छायाचित्रें मुखपृष्ठासाठीं, आणि खप वाढणार तो मासिकांचा. पण ज्यांच्यासाठीं ही परीक्षा चालली होती त्या मासिकांपैकीं एकहि या दाव्यांत प्रतिवादी नव्हतें.