तळटीप : ‘निओशो’
निओशो : अमेरिकी आरमाराचे तेलवाहू जहाज. भर समुद्रात, चालत्या युद्धनौकांना नळ्यांनी इंधन पुरवणे हे त्याचे काम. अंगावर थोड्या विमानवेधी तोफा होत्या. खरी भिस्त सोबतच्या विनाशिकेवर, आणि तीही एकच, ‘सिम्स’. ६ मे १९४२ रोजी कोरल समुद्रात ‘यॉर्कटाउन’ या विमानवाहू नौकेला तेल देऊन दोघे मागे सरले. दुसऱ्या दिवशी जपानी टेहळ्यांनी या तेलवाल्यालाच (!) विमानवाहू नौका ठरवले. हल्ल्यात ‘सिम्स’ बुडाली. सात बाँब झेललेले ‘निओशो’ चार दिवस तरंगत राहिले; ११ मे रोजी ‘हेन्ली’ या अमेरिकी विनाशिकेने १२३ जणांना वाचवून ते तोफांनी बुडवले. मूळ लेखक या दोन जहाजांच्या नाशाला ‘किरकोळ हानी’ म्हणतात, ते पटत नाही. कारण जपानी विमाने इकडे गुंतली असताना त्याच सकाळी अमेरिकी विमानांनी ‘शोहो’ ही विमानवाहू नौका बुडवली.