एका थेंबाचा प्रवास

तिकोणा पेठेहून पुणें दूर नाहीं. मुंबईहि फारशी दूर नाहीं. तरीहि गडाखालच्या मजुरास रक्ताच्या एखाद्या विशेष तपासणीसाठीं शहर गांठावयाचें तर दिवसाची मजुरी बुडते, आणि निकालासाठीं दुसरा दिवस. मग धडगांव वा भामरागड येथील रहिवाशाची कथा काय सांगावी? सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार अशाच दूरच्या मुलखांत अधिक आढळतो. म्हणून त्याच्या परीक्षेचा इतिहास आम्हांस मुख्यतः अंतराचाच इतिहास वाटतो.

शिकागो येथें हेरिक यांनीं एका विद्यार्थ्याच्या रक्तांत पाहिलेल्या विळ्याच्या आकाराच्या पेशींचें वर्णन १९१० सालीं प्रसिद्ध केलें. १९४९ सालीं पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनीं दोष हीमोग्लोबिनच्या रेणूंतच आहे असें दाखविलें, आणि १९५२ सालीं नीलगिरीच्या आदिवासींत तोच विकार आढळल्याचें प्रसिद्ध झालें. ज्ञान झपाट्यानें आलें. साधन मात्र शहरांतच राहिलें.

खेड्यांत नेतां येईल अशी परीक्षा म्हणजे विद्राव्यतेची. ठराविक द्रावणांत रक्ताचा थेंब टाकावा. द्रव गढूळ होऊन नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या कीं दोष आहे असें समजावें. युक्ति स्वस्त, सोपी, विजेवांचून चालणारी. पण रोगी आणि वाहक यांतील भेद तिला कळत नाहीं. हा भेद क्षुल्लक नव्हे. वाहक सहसा धडधाकट असतो. मात्र पतिपत्नी दोघेंहि वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक. गढूळ नळी पाहून एखाद्या निरोगी मुलीस गांवानें रोगी ठरविलें, तर तिचें लग्न मोडावयास दुसरें कारण लागत नाहीं. अर्धें उत्तर देणाऱ्या साधनास स्वस्त तरी कसें म्हणावें? पुरें उत्तर यंत्राजवळ आणि तज्ज्ञाजवळ. म्हणून नमुना शहरास जाई व माणूस घरीं परते.

अलीकडची कागदी पट्टी प्रतिपिंडांच्या योगें दोन्ही प्रकारचें हीमोग्लोबिन वेगवेगळें ओळखते, आणि तेंहि माणूस समोर बसला असतांच. परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेच्या संशोधकांनीं अशी पट्टी भारतांतील मुलांच्या तपासणींत पारखून पाहिली. संस्थेचें एक केंद्र आतां चंद्रपुरासहि आहे. पट्टीचा निकाल पक्का करावयास प्रयोगशाळा अजून लागतेच. जुलै २०२३ मध्यें सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेनें चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटि लोकांची तपासणी योजिली आहे. आमचें लक्ष त्या आंकड्यापेक्षां तपासणीनंतर हातीं पडणाऱ्या कार्डाकडे आहे: ‘वाहक’ या शब्दाचा अर्थ त्या घरांत कोण, आणि कोणत्या बोलींत, समजावून सांगतो.