रंगशाळेतून पेशीपर्यंत

सोलापूरचे नाव निघाले म्हणजे चादर आणि टॉवेल आधी आठवतात. १८७७ साली येथे जुनी गिरणी सुरू झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या मागांनी शहराचा लौकिक वाढवला. सुताचा इतिहास आपण सांगतो. रंगाचा मात्र क्वचितच सांगतो. आज त्याविषयी चार शब्द बोलायचे आहेत. कारण, श्रोतेहो, डोळ्यांना न दिसणारा पदार्थ माणसाच्या पेशीत शिरून काय करतो, हा धडा जगाने रंगाच्या कारखान्यांतच गिरवला.

१८५६ साली पर्किनने डांबरापासून पहिला कृत्रिम रंग काढला. १८८४ साली बॉटिगरने काँगो रेड शोधला. सुताला कशाचाही आधार न देता तो थेट चढे, म्हणून रंगाऱ्यांचे काम सोपे झाले. त्याच्या मुळाशी बेंझिडीन होते. १८९५ साली फ्रँकफुर्टचे शल्यवैद्य लुडविग रेन यांनी फुक्सिन नावाच्या किरमिजी रंगाच्या कामगारांत मूत्राशयाचे अर्बुद आढळल्याचे जाहीर केले. त्यांनी दोष अॅनिलीनला दिला. बेंझिडीनसारखे खरे अपराधी पुढे उघडकीस आले. शरीरात यकृत त्यांचे रूप पालटते, आणि मग ते डीएनएला चिकटून त्यातील लिखाण बिघडवतात. जर्मनीने असे अपायकारक अमीन सोडणाऱ्या अझो रंगांना १९९४ साली आवर घातला. भारतानेही १९९७ साली सत्तर अझो रंगांवर बंदी आणली. रेन यांच्या इशाऱ्यापासून येथवर शंभर वर्षे लोटली. हा विलंब कोणाच्या अंगावर गेला? रंगाच्या हौदापाशी उभा राहणाऱ्याच्या!

आता तोच प्रश्न नव्या वेषात आला आहे. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले म्हणजे एक नॅनोमीटर होतो. डीएनएची जाडी सुमारे दोन नॅनोमीटर. एक ते शंभर नॅनोमीटरच्या चांदीच्या कणांनी जंतू मरतात, म्हणून ते कापडातही वापरले जातात. पण पेशीत शिरलेला कण चांदीचे आयन सोडतो, प्राणवायूची उग्र रूपे निर्माण करतो, आणि ती डीएनएचे धागे तोडू शकतात. हे तुटणे मोजण्याची रीत १९८४ साली ऑस्टलिंग व योहान्सन यांनी काढली. १९८८ साली नरेंद्र सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सुधारली. विजेच्या प्रवाहात तुटलेले धागे केंद्रकामागे शेपटासारखे पसरतात, म्हणून तिला धूमकेतू परीक्षा म्हणतात. शेपूट जितके लांब, तितकी इजा मोठी.

अर्थात काचपात्रातील पेशीला झालेली इजा म्हणजे माणसाला झालेला रोग नव्हे. मात्रा आणि मार्ग यांवर सारे अवलंबून असते. तरीही युरोपने २०२२ साली टायटॅनियम डायऑक्साइडला अन्नातून वगळले, ते अपाय सिद्ध झाला म्हणून नव्हे, तर डीएनएला इजा होण्याची शंका दूर करता आली नाही म्हणून. हाच खरा फरक होय. पूर्वी कामगाराचे शरीर पुरावा होत असे. आता प्रयोगशाळेने आधी बोलावे, अशी अपेक्षा आहे.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. रंगाची ठेच शंभर वर्षे लागली. नव्या कणाचे कापड आपल्या मागावर चढण्यापूर्वी त्याची परीक्षा मागणे, एवढे शहाणपण सोलापूरकरांनी त्या इतिहासापासून घ्यावे.