जबड्याचा सांधा आणि चेहऱ्याची सममिती

खालच्या जबड्याचा सांधा वैद्यकाला फार पूर्वीपासून परिचित होता. मात्र चेहऱ्याच्या घडणीशी त्याचा संबंध आहे, हे उमगण्यास दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. इसवी सनापूर्वी १६००च्या सुमाराच्या एडविन स्मिथ पपायरसमध्ये निखळलेला जबडा अंगठ्यांनी दाबून बसवण्याची रीत आढळते. हिप्पोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथात एका बाजूचा सांधा निखळल्यास हनुवटी दुसऱ्या बाजूस वळते असे निरीक्षण आहे, तर सुश्रुतसंहिता तो शेकून, नीट बसवून, पंचांगी नावाचा बंध बांधावयास सांगते. या सर्वांच्या लेखी सांधा ही केवळ बिजागरी होती, आणि निखळलेल्या सांध्यापुरती ती समजूत चुकीचीही नव्हती.

बालपणी सांधा जखडला, म्हणजे हनुवटीवर पडल्यामुळे किंवा कानातील पू आत पसरल्यामुळे हाडाला हाड जुळले, की ही समजूत अपुरी पडते. तोंड उघडत नाही हे लगेच दिसते. परंतु त्या बाजूची वाढ खुंटून हनुवटी हळूहळू रोगट बाजूकडे, म्हणजे निखळण्याच्या नेमकी उलट दिशेला सरकते. रोगट गाल भरलेला आणि निरोगी गाल चपटा दिसत असल्याने अननुभवी डोळा चांगल्याच बाजूला दोष देतो.

केंब्रिजच्या जॉर्ज हम्फ्री यांनी १८५६मध्ये कंडाइल, म्हणजे जबड्याचे सांध्यात बसणारे गोलसर टोक, कापून काढल्याची नोंद केली. पुढे त्यांनीच डुकराच्या पिलांच्या जबड्यांत तारा गुंफून हाड मागच्या कडेला वाढते व पुढच्या कडेला झिजते, हे दाखवले. शस्त्रक्रिया आणि वाढीचा अभ्यास एकाच माणसाच्या हातून झाला, तरी दोन्हींची सांगड पुढील कित्येक दशके सैलच राहिली. १९३४मध्ये सेंट लुईच्या जेम्स कॉस्टेन यांनी कान व सायनसची लक्षणे या सांध्याशी जोडली, तेव्हा चर्चा वेदना आणि दातांच्या चाव्याकडे वळली.

विसाव्या शतकाच्या मध्यास कंडाइल हे वाढीचे मूळ केंद्र मानले जाई. मेल्विन मॉस यांनी मात्र हाड स्वतः वाढ ठरवत नसून भोवतालच्या स्नायूंच्या व पोकळ्यांच्या कार्यास प्रतिसाद देते, असा पक्ष मांडला. हा वाद केवळ पुस्तकी नव्हता, कारण जखडलेला सांधा काढून मुलांना बरगडीच्या कूर्चेचा तुकडा बसवला असता तो कधी वाढतच नाही, तर कधी वाजवीपेक्षा अधिक वाढून हनुवटीला दुसऱ्या बाजूला ढकलतो.