रेडिओ ओसरीवर, अर्थिंग न्हाणीजवळ

गेल्या काही बैठकांत चार-पाच गावांच्या गटांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. घरी ऐकायला परवडणारा रेडिओ घ्यायचा तर कोणता घ्यावा, आणि त्याला एरियल लावावं लागतं का? उत्तर दोन वाक्यांत देता आलं असतं. पण आपल्याकडे रेडिओ आला कसा, कोणाच्या घरात आला आणि त्याची चक्री कोणाच्या हातात राहिली, हे आधी पाहू. मग त्या दोन वाक्यांचा अर्थ नीट लागेल.

मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं. आपण मात्र तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतो. आपला मुलूख निजामाचा. जिल्ह्याला उस्मानाबाद हे नावही शेवटच्या निजामावरून, मीर उस्मान अली खानावरून पडलेलं. हैदराबादेत सुरू झालेलं केंद्र निजाम सरकारने १९३५ मध्ये आपल्या ताब्यात घेतलं. ते डेक्कन रेडिओ म्हणून ओळखलं जाई. पुढे औरंगाबादलाही केंद्र झालं. म्हणजे आपल्या माणसांच्या कानावर सरकारी आवाज कुठला पडणार, ते हैदराबादेत ठरत होतं.

तेव्हाचे सेट काचेच्या व्हॉल्व्हचे. खेड्यात वीज नव्हती, त्यामुळे सेट चालायचा तो जड बॅटरीवर. असा सेट देशमुखाच्या, वकिलाच्या, मोठ्या व्यापाऱ्याच्या वाड्यातच असणार. आणि नुसता सेट आणून भागत नसे. मध्यम लहरींची लांबी शेकडो मीटर असते. ती पकडायला माळवदावर दोन उंच बांबू रोवून त्यांच्यामध्ये तांब्याची लांब तार ताणायची, टोकांना चिनी मातीचे गट्टू लावायचे आणि तिथून एक तार खाली सेटपर्यंत आणायची. दुसरी तार जमिनीत पुरायची. ते अर्थिंग. जमीन कोरडी पडली की आवाज उतरतो, म्हणून अर्थिंग ओलीच्या जागी हवं. वाड्यात बारा महिने ओल कुठे? न्हाणीच्या मोरीपाशी.

आमच्या गटांतल्या वयस्कर बाया हे फार गमतीने सांगतात. सेट ओसरीवर, पुरुषांच्या बैठकीत. अर्थिंग मात्र मागे न्हाणीजवळ. उन्हाळ्यात तिथे तांब्याभर पाणी ओतायचं काम सुनेकडे. रेडिओला पाणी पाजणारी बाई आत, आणि ऐकणारे बाहेर! बातम्या तिला भिंतीआडून जेवढ्या कळतील तेवढ्याच. रेडिओ ठेवायला सरकारचा परवाना लागायचा आणि त्याची फी दरसाल पोस्टात भरावी लागायची. आम्ही ज्या दोन-तीन जुन्या परवाना-पुस्तिका पाहिल्या, त्या सगळ्या पुरुषांच्या नावाच्या होत्या. ही पद्धत १९८० च्या दशकात बंद झाली.

बायांना रेडिओतलं काही कळत नव्हतं, असं मात्र कोणी म्हणू नये. १९४२ च्या चळवळीत मुंबईत गुप्तपणे काँग्रेस रेडिओ चालवणाऱ्या उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. ४२.३४ मीटरवर त्यांचा आवाज लागायचा. पोलिसांच्या हाती पडू नये म्हणून केंद्राची जागा सारखी बदलावी लागे. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत ते चाललं आणि १२ नोव्हेंबर १९४२ ला त्यांना अटक झाली. आता हे ४२ मीटर म्हणजे लघुलहर. ज्या सेटवर लघुलहरीचा पट्टाच नाही, त्याला हा आवाज लागणं शक्य नव्हतं. सेट घेताना त्याच्यावर कोणते पट्टे आहेत ते का बघायचं, ते इथे कळतं.

१९४८ मध्ये तर आपल्या भागात हा जिवाचाच मामला झाला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता. रझाकारांच्या भीतीने सीमेवरची माणसं घरं सोडून जात होती. हैदराबादचा रेडिओ एक सांगायचा, दिल्ली-मुंबईचा दुसरं. मध्यम लहरी रात्री लांबपर्यंत पोचतात, म्हणून ज्याची तार उंच आणि अर्थिंग ओलं, त्याला अंधार पडल्यावर दोन्ही बाजू ऐकता येत होत्या. बाकीच्यांना एकच. १७ सप्टेंबरला निजामाने हैदराबादच्या रेडिओवरून शरणागती जाहीर केली. वाड्यातून ती बातमी गल्लीत आणि गल्लीतून शिवारात गेली.

पुढे १९५६ मध्ये पुणे आकाशवाणी आणि युनेस्कोने मिळून एक मोठा प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत श्रोत्यांची मंडळं केली. आठवड्यातून दोनदा गावाने एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर बोलायचं आणि प्रश्न केंद्राला कळवायचे. पुणे, नगर, नाशिक, कोल्हापूर आणि तेव्हाचा उत्तर सातारा असे ते जिल्हे. आपण त्यात नव्हतो. आपण हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेलो ते त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला. पण एकत्र बसून ऐकायची आणि मग बोलायची ही रीत तुम्हाला ओळखीची वाटेल. आपल्या गटाच्या बैठकीत दुसरं काय होतं?

मग ट्रान्झिस्टर आला. आमच्या मते बायांच्या दृष्टीने रेडिओच्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट हीच. कोणत्याही कार्यक्रमापेक्षा मोठी. त्याच्या पोटात फेराइटची काळी कांडी असते आणि तिच्यावर तार गुंडाळलेली असते. मध्यम लहरीचं एरियल तेच. माळवदावरची तार गेली, न्हाणीजवळचं अर्थिंग गेलं, आणि रेडिओ ओसरीवरून उठून चुलीजवळच्या देवळीत आला. खुरपणीला बांधावर आला. 'वनिता मंडळ' भाकरी थापता थापता ऐकता येऊ लागलं. सेल संपत आले की उन्हात ठेवून आणखी दोन दिवस ओढायचे, ही युक्ती तर कोणी शिकवावी लागली नाही.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या उमरगा-लोहारा भागाला सांगायला नको. किल्लारी, सास्तूर, पेठसांगवी. दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदं अंगावर आली, हजारो माणसं गेली. अशा वेळी वीज आणि टेलिफोन लगेच तुटतात. उरतो तो सेलवरचा रेडिओ आणि बिनतारी संदेश. सरकारी परवाना घेऊन बिनतारी यंत्र चालवणारे हौशी लोक असतात, त्यांना हॅम म्हणतात. त्या भूकंपात तेही मदतीला होते.

बाजारात स्कॅनर नावाचं यंत्र मिळतं, ते घ्यावं का, असं एका गटाने विचारलं होतं. एकामागून एक लहरी तपासत पोलिसांचं वगैरे बोलणंही पकडणारं ते यंत्र. परवान्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका. साध्या रेडिओवर 'स्कॅन' बटण असतं, ते फक्त केंद्रं शोधून देतं. ते चालेल.

आता आपल्यासारख्या केंद्रांकडे येऊ. लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, कोणा एकाची मक्तेदारी नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या पीठावर होते. तरी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवू द्यायला सरकारला २००६ साल उजाडावं लागलं. उमरग्यावरून हैदराबादला जाणारा रस्ता धरला की जहीराबाद लागतं. तिथल्या माचनूर गावात दलित शेतकरी बायांचं संघम रेडिओ आहे. परवाना मिळण्याआधी कित्येक वर्षं या बाया कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून बैठकीत कॅसेटवर ऐकवत होत्या. १५ ऑक्टोबर २००८ ला त्यांचा आवाज हवेत गेला. तो मुलूखही एके काळी निजामाचाच, हे लक्षात घ्या.

अशा केंद्राला ताकद मिळते १०० वॅट आणि मनोऱ्याची उंची फार तर ३० मीटर. आवाज पोचतो साधारण दहा किलोमीटर. एफएमची लहर जेमतेम तीन मीटर लांबीची. ती सरळ रेषेत जाते आणि बालाघाटाची टेकडी मध्ये आली की अडते. म्हणून सेट महाग की स्वस्त यापेक्षा तो कुठे ठेवला आणि एरियल कसं आहे, याला जास्त महत्त्व आहे.

तेव्हा सेट घेताना एफएम आणि मध्यम लहर दोन्ही असलेला घ्या, म्हणजे परभणी आकाशवाणीही १३०५ किलोहर्ट्झवर लागेल. साध्या सेलवर चालणारा घ्या. दांडीचं एरियल पूर्ण ओढून बघा, बुडाशी हलत असेल तर तो नको. असा सेट हजार रुपयांच्या आत मिळतो. मोबाइलमध्ये एफएम असेल तर इअरफोनची वायर हेच त्याचं एरियल, ती काढली की आवाज गेला. मध्यम लहर लावताना दांडीशी खेळू नका, अख्खा सेट फिरवा, कारण एरियल पोटात आहे.

घरावर पत्रे असतील तर एफएम आत नीट येत नाही. सेट खिडकीत ठेवा. तरी खरखर राहिली तर दोन पदरी वायर घ्या. तिची टोकं सोडवून दोन्ही पदर ८० सेंटिमीटरचे, म्हणजे दोन हातांना थोडे कमी, असे टी अक्षरासारखे आडवे पसरून लाकडी काठीवर बांधा. काठी घराबाहेर उंच लावा. वायरच्या खालच्या टोकाचा एक पदर दांडीला गुंडाळा आणि दुसरा मोकळा ठेवा. विजेच्या तारांपासून काठी लांब हवी, आणि वळवाचे ढग दिसले की वायर सेटपासून सोडवून बाहेर टाकायची. पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे जुने सेट पडून आहेत त्यांनी ते घेऊन या, वायर आम्ही आणतो.