उदराच्या अस्तराचा शोध

वैद्यकाच्या इतिहासांत औषधें शोधून काढणाऱ्यांचीं नांवें सर्वांच्या तोंडीं असतात; परंतु रोग डोळ्यांस दिसावा कसा, या एकाच प्रश्नामागें ज्यांनीं आयुष्य वेंचलें त्यांची आठवण क्वचितच निघते. उदराच्या अस्तरावर पसरणारा कर्करोग वैद्यांस कसा दिसूं लागला, याचा इतिहास या दृष्टीनें फार बोधप्रद आहे, म्हणून तो वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पोटाची भिंत आंतून, आणि जठर, आंतडीं, यकृत इत्यादि अवयव बाहेरून, ज्या पातळ व तुळतुळीत पडद्यानें मढविलेले असतात त्यास पर्युदर म्हणतात. त्याचें क्षेत्रफळ जवळजवळ सगळ्या कातडीएवढें भरतें. अंडाशय, जठर किंवा मोठें आंतडें यांतील कर्करोगाच्या पेशी निसटल्या म्हणजे त्या या पडद्यावर खसखशीच्या दाण्यांसारख्या रुजतात आणि पोटांत पाणी सांचूं लागतें. जलोदर आमच्या लोकांस नवा नाहीं. सुश्रुतसंहितेंत तें पाणी शस्त्रानें काढण्याची कृतीहि सांगितलेली आहे. परंतु पाणी यकृताच्या विकारानें सांचलें कीं कर्करोगानें, हें पोट उघडल्यावांचून निश्चित कळण्यास मार्ग नव्हता.

वैद्याचा भरंवसा बोटांवरच असे. अमेरिकेंत रॉचेस्टर येथील सेंट मेरीज रुग्णालयांत सिस्टर मेरी जोसेफ या शस्त्रक्रियेपूर्वीं रोग्यांचें पोट स्वच्छ करीत. ज्यांच्या बेंबीशीं कठीण गांठ हातास लागते त्यांच्या पोटांत कर्करोग दूरवर पसरलेला निघतो, हें त्यांच्या ध्यानांत आलें. विल्यम मेयो यांनीं १९२८ सालीं हें निरीक्षण लिहून ठेविलें, आणि १९४९ सालीं हॅमिल्टन बेली यांनीं त्या गांठीस या बाईंचेंच नांव दिलें. निरीक्षण मार्मिक खरें. परंतु गांठ बोटास लागेपर्यंत रोग हाताबाहेर गेलेला असे.

१८९५ सालीं राँटजेन यांस क्ष-किरण सांपडले तेव्हां मनुष्यदेह आतां पारदर्शक झाला असें लोकांस वाटलें. पोटाच्या बाबतींत ही आशा फोल ठरली. हाडाची छाया ठळक पडते. पण पर्युदर, आंतड्याची भिंत आणि सांचलेलें पाणी यांच्या छाया एकमेकींत मिसळून जातात. म्हणून कांहींनीं प्रत्यक्ष आंत डोकावण्याचा मार्ग धरिला. १९०१ सालीं जॉर्ज केलिंग यांनीं कुत्र्याच्या पोटांत नळी घालून पाहिलें. १९१० सालीं स्टॉकहोमच्या याकोबेउस यांनीं तोच प्रयोग माणसांवर, विशेषतः जलोदराच्या रोग्यांवर केल्याचें प्रसिद्ध केलें.

पुढचें पाऊल डोळ्यानें नव्हे, ध्वनीनें पडलें. ग्लासगोचे प्रसूतिवैद्य इयन डोनल्ड १९५५ सालीं बाष्पपात्रें तयार करणाऱ्या एका कारखान्यांत गेले. लोखंडांतील भेगा कानांस ऐकूं न येणाऱ्या ध्वनीनें हुडकण्याचें यंत्र तेथें होतें. डोनल्ड यांनीं शस्त्रक्रियेंत काढलेल्या गांठी बरोबर नेल्या, आणि पडताळ्यासाठीं मांसाचा एक तुकडा यंत्राखालीं ठेवण्यांत आला. द्रव भरलेली गांठ आणि भरीव गांठ यांचे प्रतिध्वनि निरनिराळे उमटले! पुढें टॉम ब्राउन या तरुण अभियंत्याच्या साह्यानें यंत्र सुधारलें. याच सुमारास जठराचा असाध्य कर्करोग व त्यामुळें झालेला जलोदर, असें निदान झालेली एक स्त्री त्यांच्याकडे आली. क्ष-किरणांचा कौलहि तसाच होता. परंतु प्रतिध्वनींनीं दाखविलें तें मोकळें पाणी नव्हतें. ती एक प्रचंड, द्रवानें भरलेली पिशवी होती. शस्त्रक्रियेंत ती निरुपद्रवी ठरली आणि मृत्यूची वाट पाहणारी ती बाई वांचली. ७ जून १९५८ च्या 'लॅन्सेट'मध्यें डोनल्ड, मॅकव्हिकर व ब्राउन यांनीं आपलें संशोधन प्रसिद्ध केलें. आमच्या मतें या सबंध इतिहासाचें मर्म या एका प्रसंगांत आहे: नव्या साधनाचा पहिला उपकार रोग दाखविणें हा नसून, अकालीं सुनावलेली शिक्षा तपासून पाहणें हा होता.

१ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनच्या एका रुग्णालयांत हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें एका रोग्याच्या मेंदूचें चित्र काढिलें. अनेक दिशांनीं घेतलेल्या क्ष-किरणांच्या मोजमापांवरून गणकयंत्रानें शरीराचा जणूं एक काप मांडून दाखविण्याची ही युक्ति, म्हणजेच सीटी स्कॅन, थोड्याच वर्षांत उदरासहि लागू झाली. तथापि चित्र हातीं आलें तरी पाहावें कोठें, हें समजल्यावांचून तें मुकेंच राहतें. अमेरिकेंतील मॉर्टन मायर्स यांनीं १९७३ सालीं दाखविलें कीं, पोटांतील पाणी स्वैर हिंडत नसून ठराविक वाटांनीं वाहतें. ओटीपोटाच्या तळाशीं, उजवीकडे लहान आंतड्याच्या शेवटाशीं, डावीकडे मोठ्या आंतड्याच्या वळणाशीं आणि उजव्या कुशीच्या पन्हळींत तें रेंगाळतें. श्वासोच्छ्वासाच्या ओढीनें तें वर श्वासपटलाखालींहि चढतें. जेथें पाणी थांबतें तेथेंच कर्करोगाचें बीं रुजतें. ओढ्याचा गाळ कोठें बसतो हें शेतकरी जाणतो, तसें आतां वैद्य जाणूं लागले.

पुढें शुगरबेकर प्रभृति शस्त्रवैद्यांनीं १९९६ सालीं उदराचे तेरा विभाग कल्पून प्रत्येकास शून्य ते तीन गुण देण्याची पद्धति मांडली. एकूण गुण एकोणचाळीस. रोग किती पसरला आहे आणि दीर्घ शस्त्रक्रियेचे हाल रोग्यास सोसावयास लावणें योग्य कीं नाहीं, हें ठरविण्यास तिचा आधार होतो. परंतु अर्ध्या सेंटिमीटरहून लहान दाणे सीटी स्कॅनच्या नजरेंतून अजूनहि पुष्कळदां सुटतात. म्हणूनच शंका असेल तेथें याकोबेउस यांची नळी, सुधारलेल्या रूपांत, आजहि उदरांत उतरते.

आमच्या घरोघरीं अशा तपासण्यांचे कागद आतां येऊं लागले आहेत. 'कांहीं आढळलें नाहीं' या शब्दांनीं घरांत सुटकेचा निःश्वास पडतो, आणि 'पसरलें आहे' या शब्दांनीं आशा मावळते. दोन्ही वेळां वरील इतिहास स्मरावा. चित्रांत न दिसलेलें नसतेंच असें नाहीं. आणि पहिल्या कौलानें मरणाच्या दारीं बसविलेली ग्लासगोची ती बाई, कोणीतरी पुन्हां एकदां पाहिलें म्हणूनच, आपल्या पायांनीं घरीं परतली.